उशाशी पातं

तापलेलं लोखंड उन्हात पाहू नये. उन्हात त्याचे रंग खोटे दिसतात. किल्लारीच्या रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी म्हणूनच भट्टीवर गोणपाटाची सावली धरतात, आणि त्या चार हात सावलीत निखाऱ्यांतून वर येणारा तुकडा काळपट तांबड्यातून लालात, लालातून केशरीत आणि केशरीतून हळूहळू अशा एका पिवळ्यात जातो, की त्याच्याकडे बघताना आपल्या डोळ्यांच्या मागे कुठंतरी ऊब जाणवू लागते. पोर चरख्याचा पंखा फिरवत असतं. बसलेला माणूस सांडशीत धरलेल्या तुकड्यावर लहान हातोडीनं नुसती जागा दाखवतो, आणि पदर कमरेला खोचून, पाय रोवून उभी असलेली त्याची बायको नेमकी तिथंच घण आणते. टक्, धम्म. टक्, धम्म. दोन आवाजांच्या मधे श्वासाएवढी जागा असते. त्या जागेत लोखंड लांबतं, रुंदावतं, आपला काठ शोधतं, आणि ट्रकचा तुटका पाटा म्हणून जे भंगारात पडलं होतं, त्यातून कुणाच्या तरी हाताजोगं काहीतरी होऊ लागतं.

मी तिथं एका चाकूसाठी बसले होते.

माझी भाची वनरक्षक झाली. तिला नेमणूक मिळाली नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या बाजूला, जिथं साग आणि तेंदू अंगाला अंग लावून उभे असतात आणि पैनगंगा काळ्या खडकांतून वाट काढत सहस्रकुंडापाशी स्वतःला खाली लोटून देते. आमच्या पोरीनं इतकी झाडं एका जागी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे नजर पोचेल तिथवर काळी जमीन, तूर, सोयाबीन, ज्वारी, बांधावर एखादी बाभूळ, आणि वर सगळं आभाळच. तिचा पहिला फोन आला तो त्याचाच: "आत्या, इथं आभाळ दिसंना गं." दुसऱ्या फोनला ती रानात रुळली होती. म्हणाली, "मला एक चांगला चाकू पायजे. रानात चालंल असा. दुकानातला नको, आपल्याकडून करून आण."

दुकानातला कसा असतो ते तिनंच सांगितलं. पात्याला काळा मुलामा, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मुठीत होकायंत्र आणि चार काड्या, खोक्यावर डोंगराचं चित्र. शिकारीसाठी आणि जंगलात जगण्यासाठी, असं त्या खोक्यावर लिहिलेलं. तिच्या सोबतच्या एकानं तो घेतला होता. पहिल्याच पावसाळ्यात पातं मुठीत हलायला लागलं.

शिकार आणि जगणं. हे दोन शब्द एका खोक्यावर शेजारी शेजारी बसलेले, आणि त्यांच्यावरून माझं मन काही केल्या पुढं सरकेना. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी घातली, आणि जिला चाकू हवा होता तिची तर नोकरीच शिकार होऊ न देण्याची. मग या पोरीच्या कमरेला जे पातं लटकणार, ते कशाचं असावं? जगण्याचं म्हणावं, तर जगण्याच्या पात्यांनी आमचा मराठवाडा भरलेला आहे. खुरपं आहे, विळा आहे, ज्याच्या मागं नवराबायकोची जोडी मुकादमाच्या वहीत नुसती "एक कोयता" म्हणून लिहिली जाते तो ऊस तोडणारा कोयता आहे. पहाटेच्या थंडीत उसाच्या फडात ओल्या पाचटावर चालणारे ते हात, तळहाताला पडलेले घट्टे, आणि बांधावर धडप्यात गुंडाळून ठेवलेलं लेकरू. त्या कोयत्यापेक्षा जगण्याचं हत्यार आणखी कुठलं असेल?

भट्टीपाशी बसलेल्या मामांनी मला असलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "हात केवढाय पोरीचा?"

मी माझा हात पुढं केला. तिचा हात माझ्याच वळणाचा आहे, लांब बोटांचा, अरुंद तळव्याचा. त्यांनी माझी मूठ आपल्या कोळशानं माखलेल्या दोन बोटांत मापली, आणि मग पुढचं विचारलं. उजवी का डावी? पावसात वापरणार का? नुसतं कापायचं, का फोडायचं, खणायचं पण? मी म्हटलं, ती म्हणती सगळंच. ते हसले नाहीत. सगळंच करणारं पातं लहान असावं लागतं, म्हणाले. "लै लांब नगं. लांब पात्याला वाटतं आपुन कुऱ्हाड हाव."

मग ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले, आणि त्या दुपारी मला कळलं की चांगला चाकू बाहेरून फार थोडा दिसतो. जे महत्त्वाचं ते मुठीच्या आत असतं. पातं मुठीत बोटभर शिरून थांबलेलं असेल तर ते कधीतरी दगा देणारच. ते मुठीच्या पार टोकापर्यंत, एका अंगाचं, सलग गेलेलं पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनी बाभळीच्या फळ्या लावून आरपार पितळी खिळे ठोकलेले पाहिजेत. मिटता चाकू खिशाला बरा, पण त्याच्या बिजागरीत चिखल बसतो, आणि जोर लावला की सगळा भार त्या एका खिळ्यावर येतो. टोक फार निमुळतं केलं तर आधी तेच मोडतं. पोटाला थोडी गोलाई हवी, म्हणजे सोलताना आणि चिरताना धार सरकत जाते. आणि पाठ? पाठ जाड, सरळ आणि गुळगुळीत हवी. तिला दाते नकोत. तिथं माणसाचा अंगठा बसतो.

त्या पाठीवर ते जरा जास्त बोलले. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही.

मग पाणी देण्याची वेळ आली. एवढा वेळ आवाजानं भरलेली ती जागा एकदम गप्प झाली. पोरानं पंखा थांबवला, बाईनं घण जमिनीवर टेकवला. पातं शेवटचं तापवून त्यांनी जळक्या तेलाच्या डब्यात उतरवलं, पण पूर्ण नाही, फक्त धारेची बाजू. पाठ वर, अजून लालसर, धुमसत. तेलातून धूर आला, कडू वासाचा. त्यांनी पातं वर काढलं, विटेच्या तुकड्यानं धारेशी झरकन घासून एक पट्टी उजळ केली आणि वाट पाहू लागले. पाठीत उरलेली धग आता धारेकडे परत येत होती, आणि त्या उजळ पट्टीवर एक फिका पिवळा रंग पाठीकडून खाली सरकत आला, त्याच्या मागून तांबूस, आणि त्याच्याही मागं, नीट पाहिलं तर, जांभळ्याची कड. पिवळ्यावर थांबवलं तर धार काचेवाणी कडक, दगडाला लागली की तिचे दाते उडणार. निळं होऊ दिलं तर मऊ, पहिल्याच हाडाला मुरडणार. तांबूस रंग धारेच्या टोकाला टेकला आणि त्यांनी सगळं पातं तेलात सोडलं.

दोन पळांचा खेळ. त्या दोन पळांवर पुढची वीस वर्षं.

मी त्या दोन पळांत किती दूर जाऊन आले! आमच्याच जुन्या मुलखात, निजामाच्या राज्यात, आज तेलंगणात असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम् नावाचं गाव आहे; नांदेडहून फार लांब नाही. तिथं मातीच्या मुशीत लोखंड आणि कोळशाचं सत्त्व बंद करून, तासन् तास धग देऊन, मग हळूहळू निववून पोलाद काढत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री व्हॉयझी नावाच्या इंग्रज डॉक्टरनं ते काम डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं, आणि इराणचे व्यापारी ते पोलाद विकत घ्यायला तिथवर येत असंही त्यानं नोंदलं. इतका लांबचा प्रवास करून माणसं कशासाठी येत होती? एका धारेसाठी. त्या पोलादाच्या पात्यावर उथळ पाण्यात उठतात तशा लहरी उमटायच्या, घासल्या तरी न जाणाऱ्या, कारण त्या वरून काढलेल्या नसायच्या. लोखंड निवताना आत जे घडलं त्याचीच ती खूण. तिकडं लंडनमध्ये १८१९ साली मायकेल फॅरडे हिंदुस्थानी पोलादाचं पृथक्करण करत बसला होता, त्यात असं काय आहे ते शोधत. वीज आणि चुंबक यांचं नातं पुढं जगाला उलगडून दाखवणारा तो माणूस. त्याचा बाप लोहार होता. मला नेहमी वाटतं, प्रयोगशाळेत तो तुकडा हातात धरताना त्याच्या नाकात बापाच्या भट्टीचा वास आला असेल.

आमच्या भागात चांगलं पातं म्हटलं की लोक नांदेडचं नाव घेतात. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जिथं देह ठेवला त्या हजूर साहिबच्या भोवतीच्या बाजारात कृपाणांच्या ओळी टांगलेल्या असतात, लखलखीत, लाल-निळ्या मखमली म्यानांच्या, आणि त्यांच्यावरून संध्याकाळचं ऊन ओघळताना पाहिलं की माणूस उगाच जपून चालतो. हत्यारं घासून उजळणारे शिकलकरीही या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथून आणावा का चाकू, असं मनात आलं होतं. पण ती पूजेची आणि धर्माची पाती. त्यांना त्यांची जागा आहे. माझ्या भाचीला पाहिजे होतं चिखलाचं पातं. कायदाही हा फरक ओळखतो: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांवर शस्त्रांचे नियम लागू होतात, पण घरच्या आणि शेतीच्या कामासाठी घडवलेल्या पात्यांना त्यातून वगळलं आहे. खुरप्याला कुणी परवाना विचारत नाही.

शिकारीचा चाकू मी आयुष्यात एकदाच जवळून पाहिला.

आमच्या लहानपणी सुगी सरली की गावाबाहेरच्या माळावर फासेपारध्यांची पालं पडायची. गावातली माणसं त्यांच्याकडे संशयानं बघायची, पोरांना तिकडं जाऊ नको म्हणायची. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं त्यांच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो पुसल्याचं सरकारनं जाहीर केलं, पण गावांच्या नजरेतून तो कुठं पुसला गेला होता! मी मात्र जायची. त्यांच्या बायकांच्या गळ्यातले मणी, चुलीवर भाजणाऱ्या मांसाचा वास, आणि पालाच्या दोरीला वाळत टाकलेले फास. बारीक काड्यांच्या ओळी, प्रत्येक काडीला तातीचा एक सैल वळसा, वाऱ्यावर हलणारा. ओळीच्या ओळी गवतात रोवल्या की तित्तराला त्यातून वाट दिसते. ती वाट नसते.

एका सकाळी त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं ओळीत अडकलेली पाखरं सोडवून आणली. त्यात एक मादी होती, पोटात अंडी असलेली. तिच्या पायाला तातीचे दोन-तीन पीळ पडून मांसात रुतले होते. फास मोलाचा, पारधी तो कापत नाही. त्यानं कापला. कमरेचा चाकू काढला, लहानसा, झिजून अर्धा राहिलेला, बोरीच्या लाकडाची मूठ हातानं काळी झालेली, आणि पात्याची बोथट पाठ पाखराच्या पायाकडे ठेवून त्यानं ते हलकेच तातीखाली सरकवलं. धार बाहेर, पाठ जिवाकडे. मग मनगट बाहेरच्या बाजूला एवढंसं वळवलं. तात तुटली. त्यानं मादीला मुठीत धरून माझ्याकडे पाहिलं, आणि मूठ उघडली.

पुढं खूप वर्षांनी मी वाचलं की माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास केला होता. नंदीवाले कुत्र्यांच्या साह्यानं शिकार करतात, वैदू लहान मांसाहारी जनावरांच्या मागं असतात, फासेपारधी काळवीट आणि पाखरं धरतात. एकाच माळावर तिघांची वाट वेगळी, कुणी कुणाच्या ताटातलं ओढत नाही. आणि फासात सापडलेली गाभण हरणी आणि पाडस सोडून देण्याची फासेपारध्यांची रीत त्यांनी नोंदवली. वाचताना माझ्या हातावरून वारा गेला. माझ्यापुढं त्या मादीचे पंख फडफडून गेले होते, ते असे एका अभ्यासाच्या पानातून पुन्हा. ज्यांना आम्ही मारणारे म्हणून ओळखत होतो, त्यांच्याकडे सोडण्याचा नियम होता. आमच्याकडे कुठला होता?

किल्लारीबद्दल लिहिताना एका रात्रीपाशी यावंच लागतं. मी ती टाळत आले होते.

अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा निजलं होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. शास्त्रज्ञ ज्या दख्खनच्या पठाराला स्थिर मानत होते तेच हललं, आणि जवळजवळ १०,००० माणसं गेली. बावन्न गावं पुढं जुनी जागा सोडून नव्यानं वसवावी लागली. हे आकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. मला ठाऊक आहे ती भिंत. दोन-दोन हात रुंदीची, काळ्या दगडांची, मधे नुसता चिखल. वर माळवद, लाकडी तुळयांवर वर्षानुवर्षं दरसाल पांढरी माती टाकून टाकून जड झालेलं. उन्हाळ्यात त्या घरात पाय टाकला की अंगावर गारवा उतरायचा, भर दुपारी आतला काळोख इतका मऊ असायचा की डोळे मिटावेसे वाटायचे, आणि भिंतीतल्या खुंटीला आजीचा विळा टांगलेला असायचा, कोपऱ्यातल्या देवळीतल्या दिव्याचा उजेड त्याच्या वळणावर एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरायचा. त्या घराहून सुरक्षित जागा मला ठाऊक नव्हती.

ते घर आजीवर पडलं.

माझे चुलते शेतात होते, उभ्या ज्वारीच्या राखणीला, माळ्यावर निजलेले. जमिनीच्या पोटातून आधी आवाज आला, म्हणायचे, आणि मग माळ्याचे चारी पाय चार दिशांना ओढल्यागत झाले. खाली उतरले तेव्हा गावाच्या जागी नुसता धुरळा उभा होता. त्यांच्या कमरेला विळा होता, राखणीच्या माणसाच्या कमरेला असतोच. घरातलं पातं घराबरोबर गेलं. कमरेचं राहिलं.

ते पळत आले तेव्हा आमच्या गोठ्याची एक बाजू उभी होती आणि दुसरी कलंडलेली. बैल दाव्याला हिसके देत होते, दावी गळ्यात रुतत चालली होती, आणि वरची तुळई करकरत होती. चुलत्यांनी आत शिरून दावी कापली. विळ्याची पाठ बैलाच्या गळ्याकडे, धार बाहेर. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा हाताची हालचाल करून दाखवली, आणि माझ्या डोळ्यांपुढं माळावरचा तो म्हातारा उभा राहिला. बैल सुटले, गाय सुटली. नंतर लोकांनी विचारलं, आधी जनावरं कशी काय सोडवलीस? ते म्हणाले, "दावं दिसत हुतं. दावं कापता येत हुतं. दगडमातीला काय कापू? तिथं हातच पायजेत." आणि मग त्यांनी विळा कमरेला खोसला आणि दोन्ही हातांनी माती उपसायला सुरुवात केली. बोटांची सालं निघेपर्यंत. पाऊस सुरू झाला तरी.

दुपारी आजी सापडली.

त्या दिवसांत विळ्यानं काय काय केलं ते चुलते पुढं सांगत राहायचे, न विचारताही, जणू त्या हत्याराच्या वतीनं कुणालातरी हिशेब द्यायचा होता. धोतरं फाडून पट्ट्या केल्या. मोडक्या बाजांचं सुंभ कापून दोऱ्या केल्या, बाजेवर जखमी घालून नेले. मदतीच्या गाठोड्यांच्या सुतळ्या तोडल्या. ताडपत्रीला भोकं पाडली. चितेच्या लाकडांना बांधलेले काथे तोडले. मारण्याचं एकही काम त्याला नव्हतं. सगळं मरण झालेलंच होतं.

पंचवीस-एक दिवसांनी खंडेनवमी आली. ज्या घरांत त्या दिवशी नांगराचा फाळ, कुऱ्हाड, खुरपी घासूनपुसून पाटावर मांडायचे ती घरं नव्हती. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आईनं ज्वारीच्या पोत्यावर धडपा अंथरला आणि त्यावर दोनच वस्तू ठेवल्या. एक चुलत्यांचा विळा. दुसरा आजीचा, ढिगाऱ्यातून निघालेला; त्याची मूठ पार चेंगरून गेली होती, पातं एका जागी वाकलं होतं, गंजाचा लाल रंग धरू लागला होता. आईनं दोन्हींना हळदकुंकू वाहिलं. शेडमध्ये कुणी बोललं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि मला वाटलं की या दोन लोखंडांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

त्याच हिवाळ्यात, त्याच शेडमध्ये, माझी चुलतवहिनी बाळंत झाली. नर्सबाईंनी नवीन ब्लेडनं नाळ कापली. नाळेला विळा लावायचे दिवस सरले होते, आणि ते सरले ते बरंच झालं, गंजक्या पात्यानं किती लेकरं धनुर्वातात गेली असतील. पण पाचवीला आईनं आजीचा तो वाकडा विळा धुऊन, पुसून बाळंतिणीच्या उशाशी सरकवला. उशाशी लोखंड असावं. रात्री जागी होऊन मी पाहिलं. कंदिलाची वात बारीक केलेली, बाहेर थंडी, पत्रा आकसल्याचा मधूनच एक टणत्कार. वहिनीचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झालेला. आणि उशीच्या कडेनं बाहेर आलेलं विळ्याचं टोक, काहीही कापायचं नसलेलं, नुसतं जागं. बाळ एकदा दचकलं. जमीन तेव्हाही अधूनमधून हलायची. वहिनीनं झोपेतच हात उशाकडे नेऊन पात्याला बोट लावलं आणि पुन्हा कूस बदलली.

त्या लेकराला आता स्वतःची लेकरं आहेत.

किनवटला मी चाकू स्वतः घेऊन गेले. मोच्याकडून साध्या चामड्याचं म्यान शिवून घेतलं होतं, पट्ट्यात ओवता येईल असं. भाचीनं पातं म्यानातून काढलं, नखावर टेकवून धार पाहिली, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला. हे तिला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही. मग मूठ धरली, आणि तिचा अंगठा आपोआप त्या जाड, गुळगुळीत पाठीवर जाऊन बसला.

पावसाळ्यात तिचा फोन आला. आवाज दमलेला, पण आतून भरलेला. गस्तीवर असताना ओढ्याच्या काठानं तिला वाघर लागलेली दिसली, सशासाठी लावलेली, नायलॉनच्या बारीक दोऱ्यांची, झुडपांच्या रंगात मिसळून गेलेली. त्यात लांडोर अडकली होती. रात्रभर धडपडून तिनं स्वतःला इतकं गुरफटून घेतलं होतं की पंख कुठला आणि जाळी कुठली कळेना. तारेचा फास असता तर पक्कड लागते, तारेला चाकू दाखवू नये, हे तिला ठाऊक होतं. नायलॉनला मात्र पातंच पाहिजे. सोबतच्याकडं दुकानातला चाकू होता, पाठीवर दाते असलेला. तो पिसांत सरकवला असता तर दात्यांनीच कातडी सोलली असती. "मग मी माझा काढला," ती म्हणाली. "आणि पाठ तिच्याकडं केली."

मी फोन कानाला धरून बसले. तिला मी पारध्याची गोष्ट कधी सांगितली नव्हती. चुलते गेले तेव्हा ती तान्ही होती.

एकेक दोरा कापत तिला बराच वेळ लागला. पाऊस चालूच होता. लांडोर आधी झटापट करत होती, मग गप्प झाली, आणि तिच्या छातीची धडधड भाचीच्या मनगटाला लागत होती. शेवटचा दोरा पायाचा होता. तो तुटल्यावरही ती हलली नाही, बसूनच राहिली, सुटल्याचं तिला कळायला वेळ लागला. मग एकदम उठून झुडपात शिरली. भाचीनं वाघर गोळा केली, पंचनाम्यासाठी. पोलादाच्या पात्याला ओल लागली होती, ती पदरानं पुसली, म्हणजे गणवेशाच्या बाहीनं, ती हसून म्हणाली. पदर कुठला आता.

"धार कशी राहिली?" मी विचारलं.

"धार हाय तशी हाय. पर मूठ फुगलीय गं आत्या. पावसानं. एक खिळा हलूलालाय."

बाभूळ इतकी ओल मानत नाही. लाकूड पुरतं वाळलेलं नसणार. मी तिला सांगितलं, चुलीजवळ ठेवू नकोस, तडकेल. सावलीत वाळव, मग जवसाचं तेल चोळ, दोनदा, मधे एक दिवस जाऊ दे. वरून सुतळी आवळून गुंडाळ आणि तिला मेण लाव. दिवाळीला घरी आलीस की मामांकडं नेऊ.

"दिवाळीला सुट्टी न्हाई मिळायची. त्याच दिवसात रानात लोक जास्त फिरतेत."

"मग मीच येते," मी म्हटलं. "जुन्या बाभळीच्या दोन फळ्या कापून घेते. जाड किती पायजेत, तेवढं मोजून सांग."